अमेरिकेतले वैमानिक एवढा पगार असूनही विमानतळावर फलक घेऊन का उभे राहतात? पटत नसेल तर नोकरी का बदलत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मुलाला आणायला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेला होतात. तिथे दाराबाहेर पूर्ण गणवेशातले पन्नास-साठ वैमानिक हातात फलक घेऊन, एक शब्द न बोलता, रांगेने फेऱ्या मारताना दिसले. आपल्या हिशोबात यांचा पगार कोटींत जातो, मग यांना अजून काय हवंय आणि पटत नसेल तर दुसरी कंपनी का धरत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. अशा रांगेत मी स्वतः तीनदा उभी राहिलेय, म्हणून लिहिते. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर अमेरिकेत आले, विमान चालवायला इथेच शिकले आणि 2014 पासून एअरलाइनमध्ये आहे. आधी एका छोट्या प्रादेशिक कंपनीत होते, आता एका मोठ्या कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. दोन्हींची नावं लिहीत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या धंद्यात नोकरी बदलणं म्हणजे आयुष्य पहिल्यापासून सुरू करणं. कंपनीत लागलात त्या दिवशी तुम्हाला सिनियॉरिटीचा एक नंबर मिळतो. कुठलं विमान, कॅप्टनची डावी सीट की फर्स्ट ऑफिसरची उजवी, कुठल्या शहरातून ड्यूटी, महिन्यात कुठले दिवस सुट्टी, मुलांच्या सुट्टीत तुम्हाला रजा मिळणार की नाही, हे सगळं त्या एका नंबरावर ठरतं. वरचा कोणी पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. कॅप्टन म्हणून वीस हजार तास केलेला माणूससुद्धा दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला की यादीत शेवटचा होतो, उजव्या सीटवर बसतो आणि पहिल्या वर्षाचा पगार घेतो. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आंतरजिल्हा बदली घेतली तेव्हा तिची सेवाज्येष्ठता अशीच गेली होती, त्यामुळे घरी समजावताना मी तिचंच उदाहरण देते. तिला एकदाच ते सोसावं लागलं. आमच्याकडे प्रत्येक कंपनीच्या दारात हेच घडतं.

हा नंबर किती जिवाचा असतो ते एका उदाहरणाने सांगते. 2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. दोघींच्या याद्या एकत्र कशा करायच्या याचा निकाल लवादाने 2007 मध्ये दिला. त्यात यूएस एअरवेजचे कितीतरी आधी लागलेले वैमानिक अमेरिका वेस्टच्या नव्या मुलांच्या खाली गेले. संख्येने ते जास्त होते. त्यांनी आपली जुनी युनियन मतदानाने काढून टाकली आणि 2008 मध्ये स्वतःची वेगळी काढली. पुढची कित्येक वर्षं दोन्ही गट कोर्टात भांडत राहिले, एकत्र करार झालाच नाही, आणि पगार जुन्या, दिवाळखोरीच्या काळातल्या दरानेच चालू राहिले. आपल्याकडे 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या तेव्हाही हाच प्रश्न पेटला होता. 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवस काम थांबवलं, त्याच्या मुळाशी ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण आधी कोणाला, हा वाद होता. दुरून तो मानपानाचा वाटला असेल. पण नवं विमान आधी मिळणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांची बढती, हे आत असलेल्यालाच कळतं.

तर नोकरी सोडता येत नाही. मग आहे तिथेच राहून अटी बदलून घ्यायच्या, आणि त्याचा एकच रस्ता, करार. आता तो इतका का रखडतो ते सांगते.

इथे विमान कंपन्यांना रेल्वेचा कायदा लागू आहे. 1926 चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट, तो 1936 मध्ये विमान कंपन्यांना लावला. संपामुळे देशाची वाहतूक बंद पडू नये हा त्याचा हेतू, आणि तो हेतू मला मान्य आहे. पण त्याची रचनाच अशी की घोंगडं भिजत पडावं. आमचा करार तारीख उलटली म्हणून संपत नाही. तो फक्त दुरुस्तीला खुला होतो, आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. त्यामुळे घाई फक्त आम्हाला असते. बोलणी अडली की दोघांपैकी कोणीही नॅशनल मीडिएशन बोर्डाकडे जाऊ शकतं. हे तीन सदस्यांचं सरकारी मंडळ मध्यस्थ देतं, आणि मध्यस्थीला कसलीही मुदत नाही. 'आता पुढे बोलून उपयोग नाही' हे फक्त मंडळच म्हणू शकतं. ते म्हणालं की लवादाचा प्रस्ताव येतो. तो कोणी नाकारला तर तीस दिवस थांबायचं, आणि त्यानंतरच संपाचा हक्क. तेव्हासुद्धा अमेरिकेचे अध्यक्ष हस्तक्षेप करू शकतात. फेब्रुवारी 1997 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप सुरू केला, आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच तो थांबवला.

मधल्या काळात गुपचूप दबाव आणायचीही सोय नाही. सगळ्यांनी मिळून जादा ड्यूटी नाकारणं किंवा एकदम आजारी पडणं बेकायदेशीर आहे. अमेरिकन एअरलाइन्सच्याच वैमानिकांनी फेब्रुवारी 1999 मध्ये सामूहिक आजारपणाची रजा टाकली आणि कोर्टाचा आदेश आल्यावरही ती लगेच थांबली नाही. न्यायाधीशांनी युनियनला सुमारे साडेचार कोटी डॉलरचा दंड केला. आमच्याकडे नवीन लागलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगतात.

म्हणून 'नव्व्याण्णव टक्के वैमानिकांचा संपाला कौल' अशी बातमी वाचलीत तर उद्याचं तिकीट रद्द करू नका. डेल्टाच्या वैमानिकांनी ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस असा 99 टक्के कौल दिला होता. त्यांचा करार 2019 च्या शेवटी खुला झालेला, मध्ये कोविड येऊन बोलणी थांबलेली. संप न होता मार्च 2023 मध्ये नवा करार मंजूर झाला, चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ. साउथवेस्टचा 2020 मध्ये खुला झालेला करार जानेवारी 2024 मध्ये मिटला. संप झालेच नाहीत असं नाही. 2001 मध्ये कॉमएअरचा 89 दिवस चालला, 2010 मध्ये स्पिरिटचा पाच दिवस. पण कौल हे टेबलावर ठेवायचं वजन आहे, संपाची तारीख नव्हे. आणि फलक घेऊन उभं राहणं हे त्याच्याही आधीचं. तुम्ही पाहिलेत ते सगळे त्या दिवशी सुट्टीवर होते, कामावरचा एकही नव्हता. त्या रांगेत प्रवाशांशी वाद घालायचा नाही, टोपी काढायची नाही, फोन बघायचा नाही, एवढंच आम्हाला बजावलेलं असतं. दोन तास चाललं की ड्यूटीच्या बुटांनी टाचा सोलतात.

आता एवढं करून मागायचं काय? पगार तर मागतोच, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. 11 सप्टेंबरनंतरच्या दिवाळखोऱ्यांत वैमानिकांचे पगार तीस-चाळीस टक्क्यांनी कापले गेले. युनायटेड आणि डेल्टाच्या वैमानिकांची तर ठरलेली पेन्शनच रद्द झाली. माझ्याबरोबर उडणारे साठीचे कॅप्टन अजून तो हिशोब तोंडपाठ सांगतात. मी स्वतः 2014 मध्ये प्रादेशिक कंपनीत लागले तेव्हा वर्षाला चोवीस हजार डॉलर मिळायचे. ड्यूटीच्या शहरात सहा बंक बेडची एक खोली भाड्याने घेतली होती. अशा खोलीला इथे क्रॅश पॅड म्हणतात. रिझर्व्हवर, म्हणजे ऐन वेळी लागलं तर बोलावण्यासाठी राखीव, असताना उशीखाली फोन ठेवून झोपायचं, तो वाजला की दोन तासांत विमानतळावर. कोणाचाही फोन वाजला की सहाही जणी उठून बसायच्या.

पण मी रांगेत उभी राहिले ती पगारासाठी नाही, वेळेसाठी.

ऑक्टोबर 2022. आई सहा महिने माझ्याकडे राहून दिवाळीसाठी परत निघाली होती. रात्री साडेआठचं विमान. माझी चार दिवसांची ट्रिप त्याच दिवशी दुपारी दोनला संपत होती, ती बघूनच तिचं तिकीट काढलं होतं. उतरलो, विमानाचं दार उघडलं, तर एरोब्रिजमध्ये गेटवरचा माणूस हातात छापलेली चिठ्ठी घेऊन उभा. ती हातात घेतली की तुम्हाला कळवलं असं धरलं जातं. ड्यूटी बदलली होती. एका कॅप्टनच्या जोडीला फर्स्ट ऑफिसर नव्हता, मला आणखी एक विमान घेऊन अडीच तास पश्चिमेला जायचं होतं आणि मुक्काम तिथेच. माझे कॅप्टन एकसष्ट वर्षांचे. ते म्हणाले, मी बोलून बघतो. वीस मिनिटं फोन कानाला लावून उभे राहिले, क्रू शेड्युलिंगचं, म्हणजे आमच्या ड्यूट्या लावणाऱ्या विभागाचं, माणूस लाइनवर आलंच नाही. मी आईला फोन केला. ती सामान बांधून बसली होती. "तू तुझं विमान बघ आधी," एवढंच म्हणाली. तिला सोडायला नवरा गेला.

यात कंपनीने काही मोडलं नव्हतं. मी त्या रात्री हॉटेलात करार उघडून कलम वाचलं. वैमानिकाला मूळ वेळेत परत आणण्याचा कंपनी 'वाजवी प्रयत्न करेल' असं त्यात होतं. वाजवी म्हणजे काय हे कुठेच नव्हतं. तोवर मला करार म्हणजे पगाराचा तक्ता वाटायचा. त्यानंतर मी युनियनच्या समितीत स्वयंसेवक म्हणून जायला लागले. 'शॅल' लिहायचं की 'मे', या एका शब्दावर सबंध दुपार गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. 'शॅल' म्हणजे करावंच लागेल, 'मे' म्हणजे मर्जी. तो शब्द मिळवायला कंपनी पैशात काय मागते हेही पाहिलंय. वाढीचा अर्धा टक्का सोडायला तयार होणारे आणि एक पैसाही न सोडणारे असे दोन्ही लोक आमच्याच युनियनमध्ये असतात. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्याला शेवटच्या पगाराची काळजी, दोन वर्षांचं मूल घरी असलेल्याला सुट्ट्यांची. कोणी चूक नाही, म्हणून तर तो वाद मिटायला इतका वेळ लागतो.

आणि हे माझं घरगुती दुखणं नाही, तुमच्याशीही त्याचा संबंध आहे. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. मुख्य कारण कॅप्टनची चुकीची हालचाल ठरली. पण चौकशीत हेही पुढे आलं की फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून निघून देश ओलांडत ड्यूटीला आली होती आणि कॅप्टन क्रू रूममध्ये झोपले होते. त्यानंतर 2014 पासून दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेला मोकळे, असा नियम झाला. आपल्याकडेही आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेली, आणि रात्रीच्या ड्यूटीचे नवे नियम नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यावर डिसेंबरात इंडिगोची शेकडो विमानं रोज रद्द होत होती, ते तुम्ही पाहिलंच असेल. नियम किमान तेवढं देतो. ड्यूटी ऐन वेळी बदलली तर काय, शेड्युलिंगचा फोन लागला नाही तर काय, हे करारातच लिहावं लागतं. डिसेंबर 2022 मध्ये साउथवेस्टची 16 हजारांवर उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिक आपण कुठल्या शहरात आहोत एवढंच कंपनीला सांगायला तासन्‌तास फोन धरून बसले होते. विमान होतं, वैमानिक होते, कोण कुठे आहे हेच कंपनीला ठाऊक नव्हतं.

आमचा करार 2023 मध्ये झाला, मी हो म्हणून मत दिलं. त्यात ते कलम बदललं. मूळ वेळेपेक्षा चार तासांहून जास्त उशीर होणार असेल तर आता वैमानिकाची संमती लागते. मागच्या मार्चमध्ये पुन्हा एरोब्रिजमध्ये माणूस चिठ्ठी घेऊन उभा होता. मी कलमाचा नंबर सांगितला, त्याने फोन लावला, आणि मी सहाच्या आत घरी होते. माझ्याऐवजी रिझर्व्हवरचा एक नवा मुलगा गेला. गेटवर तो मला भेटला. दोन तासांच्या हाकेवर क्रॅश पॅडमधून धावत आला होता, शर्टाची इस्त्री अर्धीच झालेली. पुढच्या कराराच्या मागण्यांसाठी युनियनने आमचं मत मागवलं, त्यात मी सगळ्यात वर रिझर्व्हच्या हाकेची वेळ लिहिली आहे.