आभाळ कोरडं, तरी चुलीत पाणी

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाले. २०२० च्या ऑगस्टअखेर पूर आला तेव्हा आमच्याकडे ऊन पडलेलं होतं, अन् रातोरात चुलीपर्यंत पाणी आलं. पाऊस नाही तर पूर कुठून आला? पुढच्या वेळी कसं समजावं?

उत्तर : भाऊ, तुमच्या नदीचा पाऊस तुमच्या गावात पडतच नाही. वैनगंगा निघते तिकडे मध्यप्रदेशात शिवनी जिल्ह्यात, मग बाघ, बावनथडी, कन्हान सगळ्यांचं पाणी पोटात घेऊन तुमच्याकडे येते. त्या वर्षी तिकडे धो धो पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले, आणि लाडजसारखी गावं चहूकडून वेढली गेली. आपण मात्र आभाळाकडे बघत बसलेलो, आभाळ कोरडं म्हणून निवांत!

आता एक आठवून बघा, पाणी पहिले नदीकडून आलं की गावाच्या मागून? बऱ्याच गावांत ते मागून येतं. नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात जाऊ शकत नाही, उलटं फिरतं आणि खोलगट बांध्यांतून (धानाच्या शेतांतून) गावात शिरतं. माझ्या मामाच्या घरी असंच झालं. सगळे नदीच्या बाजूला टॉर्च घेऊन उभे आणि मागच्या गोठ्यात वासराच्या गुडघ्याला पाणी! भिंतीवर गाळाची रेघ कॅलेंडरच्या खिळ्याच्याही वर होती, मामीने दोन दिवाळ्या ती पुसलीच नाही.

म्हणून पावसाळ्यात तीन गोष्टींवर नजर ठेवा, संजय सरोवरातून किती पाणी सोडलं, भंडाऱ्याला कारध्याच्या पुलाजवळ पातळी किती (तिथं धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे), आणि गोसीखुर्दचे किती दरवाजे किती मीटर उघडले. नुसतं "दरवाजे उघडले" याला अर्थ नाही, अर्धा मीटर उघडणं वेगळं आणि पूर्ण उघडणं वेगळं. तहसीलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे येतं, पण शुभ सकाळच्या फुलांखाली दबून जातं. कारधा चढायला लागलं की जनावरं सोडा, कागदं आणि बियाणं माळ्यावर टाका, दरवाजे उघडल्याची बातमी यायची वाट बघू नका.

प्रश्न : धान तर गेलंच, पण दोन बांध्यांत वाळू भरली. तलाठी म्हणे पंचनामा पिकाचा झाला, वाळूचं बघू. काय करावं?

उत्तर : बघू म्हणजे राहून गेलं समजा. पीक आणि जमीन ही दोन वेगळी नुकसानं आहेत, दोन्ही पंचनाम्यात वेगवेगळी लिहून घ्या. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि ओलिताला १७,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत. म्हणजे कोरडवाहूच्या एकराला साडेतीन हजारही नाही, एवढ्यात रोवणीची मजुरीसुद्धा निघत नाही, हे मलाही माहीत आहे. राज्य सरकार कधी वेगळा जीआर काढून वाढवतं, २०२२ मध्ये कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० दिले होते, ३ हेक्टरपर्यंत.

त्याच निकषांत छोट्या शेतकऱ्याला गाळ-वाळू काढायला हेक्टरी १८,००० आहेत, पण थर ३ इंचांपेक्षा जास्त पाहिजे. इथंच लोक फसतात. वाळू आधी ट्रॅक्टरने ओढून टाकतात आणि मग मोजायला काही उरत नाही. तुम्ही काय करा, पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, बांधीत पाच-सहा ठिकाणी जुनी काळी माती लागेपर्यंत खोदा, पट्टी उभी धरून फोटो काढा, फोटोत धुरा (शेताचा बांध) आणि एखादं ओळखीचं झाड येऊ द्या. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

आणि ती वाळू ट्रॉलीत भरून विकायचा कोणी सल्ला देत असेल तर आधी तहसीलला विचारा, नाहीतर भरपाई राहील बाजूला आणि ट्रॅक्टर जप्त व्हायचा.