‘ओइनोपोतेस’वर अडलात तर

बायबलात मत्तय 11:19 मधला ‘ओइनोपोतेस’ हा ग्रीक शब्द आधी फोडा: ‘ओइनोस’ म्हणजे द्राक्षारस, ‘पोतेस’ म्हणजे पिणारा. पण तिथेच थांबू नका. नुसत्या फोडीतून ‘द्राक्षारस पिणारा’ एवढा साळसूद अर्थ निघतो, आणि इथे तर तो शिवीसारखा आलाय. शेजारी ‘फागोस’, म्हणजे खादाड, बसलाय ते पाहा. नव्या करारात हा शब्द फक्त इथे आणि लूक 7:34 मध्ये आहे. दोन्हीकडे लोक आपल्याला काय म्हणतात ते येशू सांगतोय. त्यामुळे येशू किती प्यायचा, हे यावरून ठरवायला जाऊ नका. त्या वादात दोन्ही बाजू उगाच घाम गाळतात.

मग सेप्टुआजिंट, म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, उघडा. नीतिसूत्रे 23:20 मध्ये हाच शब्द, आणि पुढच्याच वचनात ‘मेथुसोस’. त्याचा भर झिंगण्यावर. पौल तो 1 करिंथ 5:11 आणि 6:10 मध्ये वापरतो.

मला सगळ्यात आवडतो तो ‘पारोइनोस’ (1 तीमथ्य 3:3, तीत 1:7). शब्दशः, द्राक्षारसापाशी बसलेला. पण दोन्ही ठिकाणी लगेच ‘मारका’ येतो, म्हणजे पिऊन भांडण उकरणारा ही छटा धरायला हरकत नाही.

वाचताना ‘दारूबाज’ हा मराठी शब्द जरा बाजूला ठेवा. त्याच्यामागून गुत्ता आणि हातभट्टी येते. त्या काळी ग्रीक-रोमन जगात द्राक्षारसात पाणी मिसळून पिण्याची रीत होती.

आता 1 पेत्र 4:3 मधला ‘ओइनोफ्लुगिया’ स्वतः सोडवून बघा.