विस्कॉन्सिनच्या खेड्यात प्रोपेनवर घर गरम ठेवायचं तर हिवाळ्याचं बिल किती येतं?

तुम्ही लिहिलंय की मॅडिसनपासून तासाभरावर एक जुनं घर बघताय, नॅचरल गॅसची लाइन तिथे नाही, हीटिंग प्रोपेनवर (आपल्या सिलिंडरसारखाच गॅस) आहे आणि खर्च किती येईल असं विचारलंय. मी अशाच घरात सात हिवाळे काढलेत. आकडा सांगतो, पण त्याआधी एजंटला एवढं विचारा की अंगणातला तो लांबट पांढरा टँक घरमालकाचा आहे का गॅस कंपनीचा.

टँक कंपनीचा असेल तर गॅस त्याच कंपनीकडून भरायचा, शेजारच्याला गॅलनमागे चाळीस सेंट स्वस्त मिळत असला तरी आपण नुसतं बघत बसायचं. आम्हाला हे विचारायचं सुचलंच नाही, पुण्यात सिलिंडर नाहीतर पाइप गॅस, टँक कुणाचा हा प्रश्न येतो कुठे. तीन वर्षं ते सांगतील तो रेट दिला, मग वैतागून स्वतःचा टँक घेतला.

आमचं घर १८०० स्क्वेअर फूट, ऑक्टोबर ते एप्रिल साधारण ९०० गॅलन जातात, गरम पाणी आणि शेगडी त्यातच. रेट २ ते ३ डॉलर धरा, म्हणजे १८०० ते २७०० डॉलर. टँक ५०० गॅलनचा असला तरी ८० टक्केच भरतात कारण प्रोपेन उन्हाने फुगतं, म्हणजे एका वेळी ४०० गॅलन. आईला हे फोनवर सांगितलं तर तिने लगेच हिशोब मांडला, गॅलन म्हणजे १.९ किलो, म्हणजे आपले १४.२ किलोचे पन्नासच्या वर सिलिंडर, "मंगल कार्यालय काढलंय का रे तिकडे?"

रेट कधी बांधून घेता यावर सगळं आहे. उन्हाळ्यात प्री-बाय, म्हणजे हिवाळ्याचा गॅस आधीच ठरल्या रेटने विकत घेऊन ठेवणं, करता येतं, मी ऑगस्टमध्येच करून टाकतो. २०१३ च्या शेवटी इकडे मका ओला निघाला, शेतकऱ्यांनी तो सुकवायला ढीगभर प्रोपेन जाळलं आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली, तर जानेवारी २०१४ मध्ये रेट ४ डॉलरच्या वर गेला होता. तेव्हापासून इथले लोक मक्याकडे बघून गॅसचा अंदाज बांधतात, मीही आता बांधतो, मका कशाशी खातात एवढंच माहीत असलेला माणूस.

दुसऱ्या वर्षी मी पैसे वाचवायला ऑटो-फिल (कंपनीच आपणहून येऊन टँक भरते ते) बंद करून स्वतः फोन करून मागवायचं ठरवलं. टँकच्या झाकणावर फूटभर बर्फ, त्यामुळे तीन आठवडे त्याखालचं गेज (किती गॅस उरला ते दाखवणारा काटा) बघितलंच नाही, आणि एका रविवारी पहाटे फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) नुसता टकटक करतोय, घरात ५१ डिग्री (फॅरनहाइट हो), मुलीला जॅकेट घालून झोपवलेलं. तातडीच्या डिलिव्हरीचे जास्तीचे पैसे, वर टँक पूर्ण रिकामा झाला की लीक टेस्ट करावी लागते त्याचे वेगळे. आता २५ टक्क्यांवर काटा आला की फोन.

आणि स्पेस हीटर लावून गॅस वाचवायच्या फंदात पडू नका. एका गॅलनमधली उष्णता म्हणजे जवळपास २७ युनिट वीज, १६ सेंटने ४ डॉलरच्या वर जाते. हीट पंप मात्र वेगळा, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे त्याच विजेत दोन-तीन पट उष्णता देतो, आम्ही मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर त्याच्यावर काढतो, कडाक्याची थंडी पडली की पुन्हा फर्नेस.

घर बघायला जाल तेव्हा आधीच्या मालकाकडे दोन वर्षांच्या डिलिव्हरीच्या पावत्या मागा आणि त्यात डॉलर नाही, गॅलन बघा. फर्नेस ८० टक्केवाला आहे का ९५ वाला, म्हणजे गॅसमधली किती टक्के उष्णता घराला मिळते, तेही बघा. आणि टँकचं झाकण उचलून गेजचा फोटो काढून ठेवा, क्लोजिंगला (घर नावावर होतं त्या दिवशी) उरलेल्या गॅसचे पैसे बऱ्याचदा वेगळे मागतात.