अनुदानाआधी निविदा वाचा

प्रश्न : मी पहिल्यांदाच नगरसेविका झाले आहे. दिव्यांगांना आणि गरजू महिलांना काम देणाऱ्या सामाजिक उद्योगांसाठी अंदाजपत्रकात अनुदान सुचवायचं आहे. किती मागू?

उत्तर : ताई, आकडा नंतर ठरवू. आधी खरेदी विभागातून एखादी जुनी निविदा मागवा; साफसफाईची असली तरी चालेल. अटींचं पान काढा : मागच्या तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, अनामत रक्कम. तुमच्या ओळखीतले किती सामाजिक उद्योग पहिल्याच अटीत बाद होतात ते बघा. मी लेखा विभागात नोकरी केली आहे. अनुदानाचा धनादेश समारंभाने द्यायचा आणि त्याच संस्थेला निविदेत अपात्र ठरवायचं, हे तिथे कुणाला खटकत नसे.

इटलीने १९९१च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्यात यावर तोड काढली. ज्या सामाजिक सहकारी संस्थेत किमान ३० टक्के कामगार दिव्यांग, व्यसनातून बाहेर पडणारे किंवा तशाच अडचणीतले असतील, तिला ठरावीक रकमेपर्यंतची कामं थेट द्यायची मुभा नगरपालिकांना मिळाली. इंग्लंडच्या २०१२च्या कायद्याने सेवा खरेदी करताना सामाजिक लाभाचा ‘विचार’ करायला सांगितलं. नुसता विचार कुणीही करतो! तुम्ही निविदेत त्यासाठी गुण ठेवायला लावा. पुणे महापालिकेने २००८मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी करार केला; घरोघरचं शुल्क वेचक स्वतः गोळा करतात, त्यामुळे त्यांची कमाई बिलाच्या फाइलवर अडून राहत नाही.

मोठं काम असेल तर निविदा एकच ठेवून प्रभागवार गट पाडायला सांगा, म्हणजे लहान संस्था एका गटापुरती बोली लावू शकेल. निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे मात्र पाडू देऊ नका; लेखापरीक्षणात नेमकं तेच पकडतात.

आणि बिलं! मोठा कंत्राटदार चार महिने थांबतो, त्याच्यामागे बँक असते. लहान संस्थेला दर महिन्याला पगार करावे लागतात, तिचं तेवढ्यात दिवाळं निघतं. काम तपासल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे, असं कलम करारातच घालून घ्या. रिकामे पडलेले गाळे कमी भाड्यात देता आले तर तेही बघा.

एवढं करून अनुदान मागायचंच असेल, तर यंत्रसामग्रीसाठी मागा.