फसलेल्या तासानंतर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी आठवडाभर शिकवूनही चाचणीत निम्म्याहून अधिक मुले चुकली, आणि आता आपल्याला हे काम जमणारच नाही असे तू लिहिलेस, ते वाचून जीव कासावीस झाला. मात्र तू मला निकाल कळवलास, मुलांची उत्तरे कळवली नाहीस, आणि शिक्षकाला पुढचा रस्ता सापडतो तो त्या उत्तरांतच.

५२ वजा २७ याचे उत्तर एखाद्या मुलाने ३५ लिहिले असेल, तर त्यावर फुली मारण्याआधी त्याला जवळ बसवून, रागाचा लवलेशही आवाजात न आणता, 'कसे केलेस ते मला सांग' एवढेच म्हण. एक मूल सांगेल की दोनातून सात जात नाहीत, म्हणून मी सातातून दोन काढले. दुसरे सांगेल की मी हातचा घेऊन बारातून सात काढले. दशकाच्या घरातला एक कमी करायचा तेवढे त्याच्याकडून राहिले. उत्तर दोघांचेही ३५, पण पहिल्याला दशक सोडवणे, म्हणजे एका दशकाचे दहा सुटे एकक करणे, मुळात कळलेलेच नाही आणि दुसऱ्याला ते अर्धे कळले आहे. या दोघांना फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा करून दाखवणे म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणे होय. पुढच्या वेळी ५३ वजा २७ दे. पहिला ३४ लिहील, दुसरा ३६, आणि कोणाचे काय अडले ते तुला वहीवरूनच ओळखता येईल. पहिल्यासाठी तुराट्यांचे बारीक तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या बांध आणि एक जुडी त्याच्याच हाताने सोडायला लाव. दुसऱ्याला जुडी सोडल्यावर उरलेल्या जुड्या मोजायला सांग.

वह्यांशेजारी हजेरीपटही उघडून ठेव. दिवाळीच्या आसपास आपल्या खानदेशात कापूस वेचणीला आला की घरातले सगळे हात शेतात लागतात, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला तिसरीतली बहीण घरी राहते. ती ज्या दिवशी आली नाही नेमक्या त्याच दिवशी दशक सोडवणे शिकवले गेले असेल, तर तिचे चुकलेले उत्तर हा ना तिचा दोष, ना तुझ्या शिकवण्याचा. पण तो भाग तिला पुन्हा शिकवणे हे मात्र तुझे काम आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करावे, असे शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमानेही शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

तुझी शाळा सातपुड्याच्या कुशीत, घरोघरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांची आहे. शाब्दिक उदाहरणे चुकली असतील तर गणित आडवे आले की मराठी, हे आधी तपास. पाचवीतल्या एखाद्या मुलीला तेच उदाहरण पावरीतून सांगायला लाव. लगेच उत्तर आले, तर तुला वजाबाकी नव्हे, भाषा शिकवायची आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचीही जबाबदारी सांभाळत होते. वर्गात गप्प बसणारे मूल वर्गाबाहेर कसे बोलते हे त्यांना जवळून पाहता आले. तुलाही मधल्या सुट्टीत, पोषण आहाराच्या पंगतीत ते पाहता येईल.

एक गोष्ट मी मोठ्या आग्रहाने सांगतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळे आपापले यशस्वी उपक्रम मांडतील. तू हा फसलेला तास मांड, वह्यांसह मांड. कोणी नाक मुरडले तरी चालेल, कारण त्याच बैठकीत हीच अडचण मनात दडवून बसलेले दोघे-तिघे नक्की असतील आणि चहाच्या वेळी ते तुझ्याजवळ येतील. जाण्यापूर्वी कोणत्या मुलाने काय लिहिले आणि विचारल्यावर काय सांगितले, एवढे एका कागदावर उतरवून मला पाठव. आपण दोघे मिळून पाहू.

तुझे गुरुजी