आईबाबांना घेऊन दोन दिवस आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डंगारव्हनला जायचंय, सायकलिंग आणि भटकंती जमेल का?

तुम्ही लिहिलंय की डब्लिनमध्ये राहता, गाडी नाही, जूनमध्ये आईबाबा येतायत, बाबांना सायकलची हौस आहे आणि आईला सायकल येते पण सवय राहिली नाही. नक्की जा. मी वॉटरफर्डला राहतो आणि घरी कोणी पाहुणे आले की पहिल्यांदा तिकडेच नेतो, कारण डोंगर, समुद्र आणि शांत रस्ता हे सगळं एवढ्या जवळजवळ दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

फक्त एक ऐका, वॉटरफर्ड ते डंगारव्हन हा अख्खा ४६ किलोमीटरचा ग्रीनवे, म्हणजे फक्त सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठीचा रस्ता, एका दिवसात संपवायच्या मागे लागू नका. बहुतेक लोक तेच करतात आणि मग शेवटी पाय दुखतात म्हणून कुठेच न थांबता नुसते पुढे पुढे जात राहतात. तुम्ही डंगारव्हनला मुक्काम करा, पहिल्या दिवशी डंगारव्हन ते किलमॅकथॉमस एवढंच करा, साधारण २३ किलोमीटर आहे आणि बघण्यासारखं जे काय आहे त्यातलं बरंचसं ह्याच अर्ध्यात आहे. दुसरं म्हणजे इथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे डंगारव्हनहून निघालात तर तो पाठीशी असतो, उलट्या बाजूने आलात तर तोंडावर घ्यायला लागतो. सवय नसलेल्या माणसाला चढापेक्षा वारा जास्त दमवतो, त्यामुळे आईसाठी तरी दिशा हीच ठेवा.

चढाची काळजी करू नका. हा जुना रेल्वेमार्ग आहे, १८७८ साली सुरू झालेला, पॅसेंजर गाड्या १९६७ मध्ये बंद झाल्या आणि २०१७ मध्ये त्यावर डांबरी ट्रॅक करून तो सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना खुला केला. वाफेच्या इंजिनाला जमेल एवढाच चढ ठेवलेला असल्यामुळे तो चढ आहे हे कळतही नाही, फक्त जरा जोर लावावा लागतोय एवढंच जाणवतं. तरी आईसाठी ई-बाइक घ्या, भाड्याने मिळतात.

गावातून निघालात की अ‍ॅबीसाइड लागतं. अर्नेस्ट वॉल्टन १९०३ मध्ये इथे जन्मले, ज्यांनी कॉकक्रॉफ्ट ह्या शास्त्रज्ञाबरोबर अणू फोडला आणि १९५१ चं फिजिक्सचं नोबेल मिळवलं, बाबांना सांगा, आवडेल त्यांना. मग क्लोनियाच्या आसपास उजव्या हाताला एकदम समुद्र उघडतो आणि डावीकडे कॉमेराह डोंगर, इथे थांबाच. पुढे बॅलीव्हॉइलचा उंच पूल, जो आयरिश यादवी युद्धात १९२२ मध्ये उडवला होता आणि नंतर परत बांधला, आणि त्याला लागूनच बोगदा.

बोगदा साधारण ४०० मीटर लांब आहे. आत शिरल्या शिरल्या गारवा अंगावर येतो, भर उन्हाळ्यातसुद्धा, वरून पाणी ठिबकत असतं आणि दोन्ही तोंडांशी दगडांवर एवढं शेवाळ आणि नेचे माजलेत की आपल्या कोकणातल्या जुन्या विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. दिवे आहेत पण मंद. गॉगल काढा, सायकलचा लाइट लावा, डावीकडून हळू चला आणि घंटी वाजवत राहा कारण लहान मुलं मध्येच थांबतात. बाहेर पडलात की ड्युरोचा पूल आणि मग शेतं, गाई, काटेरी झुडपं, किलमॅकथॉमस येईपर्यंत हेच.

किलमॅकथॉमसला पोचलात की सायकली लावा आणि गावात उतरून आठ कमानींचा दगडी पूल खालून बघा, वरून जाताना त्याचा आवाका कळत नाही. खालून वाहते ती मॅहन नदी. दोनशे वर्षांहून जुनी ओट्सची गिरणी ह्याच नदीच्या काठावर आहे, तुम्ही दुकानातून जे फ्लाहव्हन्सचे ओट्स आणता ना, ते इथले. ट्रॅकच्या बाजूलाच १८४० च्या दशकातल्या आयर्लंडच्या महादुष्काळाच्या सुमाराचं जुनं वर्कहाऊस आहे, भुकेल्या गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा द्यायची जागा, तिथे चहाकॉफी मिळते, पण त्या भिंती जरा निवांत बघा. सायकलभाड्यात परतीची शटल आहे का ते आधीच विचारून घ्या, म्हणजे उलट वाऱ्यात चालवायला नको.

दुसरा दिवस ह्याच नदीच्या उगमाकडे, मॅहन फॉल्सला. इथे मात्र टॅक्सी किंवा एका दिवसाची भाड्याची गाडी लागेल, बस वगैरेच्या भरवशावर राहू नका. पार्किंगपासून धबधब्यापर्यंत खडीची सोपी पायवाट आहे, आई आरामात जाईल, आजूबाजूला मेंढ्या चरत असतात आणि समोर साधारण ८० मीटरवरून पाणी पडतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर आणखीच छान. बाबांचा उत्साह टिकला असेल तर शेजारचं कूमशिंगॉन आहे, तीन बाजूंनी उभे कडे आणि मध्ये काळंशार तळं. फक्त तळ्यापर्यंत जाऊन परत या, कड्यावरून पूर्ण फेरी मारायला चार-पाच तास लागतात आणि ढग उतरले तर वाट दिसत नाही, आईबाबांना घेऊन ते करूच नये.

कॉपर कोस्टचा किनारी रस्ता पण लोक सुचवतील. देखणा आहे, जुन्या तांब्याच्या खाणी आहेत, मॅहन नदी बनमॅहनला समुद्राला मिळते ती पण दिसते. पण चढउतार खूप, रस्ता अरुंद आणि गाड्या जोरात येतात, म्हणून तो गाडीतूनच करा.

खाण्याचं म्हणाल तर ब्ला नावाचा पिठी लावलेला मऊ पाव मिळतो, वॉटरफर्डची खासियत, त्यात अंडं किंवा चीज घालून मागा. गुरुवारी पोचत असाल तर सकाळी डंगारव्हनच्या ग्रॅटन स्क्वेअरमध्ये शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथून पाव, चीज, फळं घेऊन ट्रॅकवरच बसून खा.

डंगारव्हनला ट्रेन नाही. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून वॉटरफर्डपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे पहाटे निघायची घाई नको, पण रेनकोट मात्र प्रत्येकाचा वेगळा घ्या, छत्री वाऱ्यात टिकत नाही. आणि वीकेंड असेल तर सायकली, विशेषतः ई-बाइक, आधी बुक करा, आयत्या वेळी मिळत नाहीत.