मीटरनं पाणी मोजावं, पीक विचारू नये

गेल्या अंकात रिचार्जच्या दरांवर लिहिताना ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द ओझरता येऊन गेला. त्यावरच यंदा सर्वांत जास्त पत्रं आली. थोडक्यात अर्थ असा : तुमच्या फोनवर येणारा डेटा कुणाचा आहे, कशाचा आहे, हे पाहून कंपनीनं त्याला वेगळी वागणूक द्यायची नाही. आता पत्रांकडे वळू.

ताई, मी अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर शिकवते. संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणिताचा व्हिडिओ लावला की नुसतं चक्र फिरत राहतं. त्याच फोनवर, त्याच वेळी, सिम कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर सिनेमा मात्र न अडखळता चालतो. कस्टमर केअरला विचारलं तर ‘नेटवर्क बिझी आहे’ एवढंच सांगतात. हे मुद्दाम करतात का? आणि त्यांना तशी मुभा आहे का?

बाई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते पक्कं आहे. मुभा नाही. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकानं, नोव्हेंबर २०१७मध्ये शिफारशी केल्या, दूरसंचार विभागानं त्या जुलै २०१८मध्ये मान्य केल्या आणि पुढे कंपन्यांच्या परवान्यातच अट आली : कुठलाही मजकूर अडवायचा नाही, त्याचा दर्जा खालावायचा नाही, तो संथ करायचा नाही, आणि कुणाला खास वेगही द्यायचा नाही. गर्दीच्या वेळी वाहतूक आवरायला थोडी मोकळीक आहे, पण तो उपाय तात्पुरता हवा, गरजेपुरता हवा आणि उघड सांगितलेला हवा. सरकारी आदेशानं एखादी साइट बंद होते तो विषय वेगळा, तो या अटीत येत नाही.

आता मुद्दाम करतात का? इथे मी जपून बोलेन. एका टॉवरच्या एका बाजूची क्षमता त्या बाजूचे सगळे फोन वाटून घेतात. संध्याकाळी आठ ते अकरा सगळं गाव घरी असतं. डोंगरातले कितीतरी टॉवर फायबरला जोडलेले नसतात, एका टॉवरवरून दुसऱ्यावर मायक्रोवेव्हच्या तबकडीनं सिग्नल जातो, आणि ती वाट अरुंद असते.

पण तुम्ही फार मोलाची गोष्ट टिपली आहे. टॉवर किंवा ती तबकडी भरली असती, तर सिनेमाही अडखळला असता. तो अडखळत नाही, म्हणजे दोनातलं एक. एक तर ते ॲप गुपचूप चित्राचा दर्जा उतरवून वेळ मारून नेतंय. नाही तर अडथळा टॉवरच्या पलीकडे आहे. सिनेमाची प्रत कंपनीच्याच साठ्यात, जवळ कुठेतरी ठेवलेली असते. तुमचा गणिताचा व्हिडिओ दुसऱ्याच्या यंत्रावरून, दोन जाळी जिथे जुळतात तो सांधा ओलांडून येतो, आणि तो सांधा कंपनीनं वेळेवर रुंद केला नाही तर तिथे तुंबतं. जवळ साठा ठेवणं नियमात बसतं. सांधा जाणूनबुजून अरुंद ठेवला तर मात्र ती फसवणूकच, आणि बाहेरून ती सहज दिसत नाही.

म्हणून एक वही करा. तीन दिवस, एकाच फोनवर, शाळेच्या एकाच खोलीत, सकाळी सहाला आणि रात्री नऊला नोंद घ्या. ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप फुकट आहे, त्यावर वेग मोजा. मग गणिताचा व्हिडिओ ३६० या हलक्या दर्जावर ठेवून लावा, सिनेमाही सगळ्यात हलक्या दर्जावर लावा. शेवटी एखादा विश्वासातला व्हीपीएन सुरू करून तोच व्हिडिओ पुन्हा लावा. व्हीपीएनमुळे तुम्ही काय पाहताय हे कंपनीला कळत नाही. त्यावर व्हिडिओ सुरळीत चालला, तर संशयाला जागा आहे. तेवढ्यानं सिद्ध होत नाही, कारण व्हीपीएननं वाटही बदलते, पण विचारायला आधार मिळतो. नंतर १९८वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे वहीचे फोटो पाठवा. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, पण अशा नोंदी त्यांच्यापर्यंत जायलाच हव्यात.

तोवर मुलांचा अभ्यास थांबायला नको. सकाळी सहाला व्हिडिओ फोनमध्ये उतरवून ठेवा आणि संध्याकाळी दाखवा.

माझ्या रिचार्जवर सिनेमांचं एक ॲप फुकट आहे. मग हा भेदभाव नाही का?

वर्गणी फुकट असेल तर नाही. बघताना डेटा तुमच्या रोजच्या दीड-दोन जीबीतूनच कापला जातो ना, हे तपासा. डेटाच कापला जात नसेल, तर ते नियमाविरुद्ध आहे. रात्रीचा स्वस्त पॅक चालतो, रोजचा कोटा संपल्यावर सगळंच संथ होणंही चालतं, कारण तिथे कंपनी वेळ किंवा माप बघते, मजकूर बघत नाही.

मी दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार. २०१५च्या डिसेंबरात फेसबुकवर ‘फ्री बेसिक्स वाचवा’ असा निरोप आला आणि मी बटण दाबून पाठिंबा दिला. गरिबाला फुकट इंटरनेट मिळत होतं, ते बंद पाडलं. त्यात वाईट काय होतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

भाऊ, माझं माहेर तुमच्याच भागातलं, म्हणून पाटाच्या पाण्यावरूनच सांगते. वडील पाण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचे तो मला आठवतो. त्यात क्षेत्र लिहायचं आणि पीकही लिहायचं. उसाला एक दर, गव्हाला दुसरा. कोणत्या पिकाला पाणी द्यायचं आणि काय भावानं, हे पाटबंधारे खातं ठरवणार. पुढे वाघाडच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था केल्या आणि पाणी घनमापनानं मोजून घेतलं. एवढे घनमीटर पाणी, एवढे पैसे, शेतात काय लावायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्याकडच्या बागा या मोकळिकीनं किती वाढल्या, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

फ्री बेसिक्स म्हणजे तो जुना फॉर्म होता, आणि पिकांची यादी एका परदेशी कंपनीच्या हातात होती. फेब्रुवारी २०१५मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या नावानं ते रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर आलं, सप्टेंबरात नाव बदललं. त्यावर निवडक साइट्सची हलकी रूपं तेवढी उघडत. कुणाला त्यात यायचं तर फेसबुकच्या तांत्रिक अटींत बसेल अशी साइट बनवायची, आणि सगळी ये-जा त्यांच्याच यंत्रांवरून. तुमचा नातू उद्या द्राक्षाच्या रोगांवर मराठीत साइट काढेल, तर ती फुकट दिसणाऱ्यांच्या यादीत नसणार. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या लेखी ती साइट जन्मालाच आलेली नाही. आणि गरिबाला ‘इंटरनेट’ म्हणून जे मिळालं असतं, ते एवढंच, हे मला सर्वांत टोचत होतं.

त्या डिसेंबरच्या आधी, मार्च २०१५मध्ये, ट्रायनं याच विषयावर ११८ पानांचं चर्चापत्र काढून २० प्रश्न विचारले होते. त्याला दहा लाखांवर ईमेल गेले, त्यातला एक माझा. दोन रात्री बसून लिहिला होता. डिसेंबरात निरनिराळ्या दरांबद्दल वेगळं चर्चापत्र आलं, त्याच वेळी तुम्हाला तो निरोप आला. ती तयार मजकुराची लाखो पत्रं ट्रायकडे पोचली, पण त्यांत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं नव्हती, हे ट्रायनंच म्हटलं. यात तुमची चूक नाही. प्रश्न काय आहेत हे त्या बटणानं तुम्हाला सांगितलंच नव्हतं. ८ फेब्रुवारी २०१६ला नियम आला : मजकूर बघून डेटाचे वेगळे दर लावता येणार नाहीत. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या प्रसंगाला सूट.

तुमची कळकळ मात्र खरी आहे, आणि आमच्या बाजूनं लढणाऱ्यांनी तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही असं मला वाटतं. तेव्हा एक जीबीला दोनशे रुपयांच्या वर पडत. मजुरी करणाऱ्या बाईनं काय करायचं, याचं उत्तर नुसत्या नियमानं मिळत नाही. सप्टेंबर २०१६नंतर स्पर्धेमुळे दर कोसळले म्हणून बरं झालं. त्याच वर्षी, २०१६च्या डिसेंबरात, ट्रायनं आणखी एक शिफारस केली होती : ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी डेटा फुकट द्यावा, त्यावर त्यानं काहीही उघडावं. माप थोडं होतं, पण पीक कुणी विचारत नव्हतं. मदत करायची ती अशी. त्या शिफारशीचा पाठपुरावा व्हायला हवा होता.

जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त वेग दिला तर काय बिघडलं? विमानात, रेल्वेत वर्ग असतातच की.

मी १९८३ साली नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हा ट्रंक कॉल तीन तऱ्हांचे : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त. तुम्ही काय बोलणार हे आम्ही कधी विचारलं नाही, त्या अर्थानं जाळं तटस्थच होतं. पण सोलापूरकडे लाइनी मोजक्या. एका दुपारी काउंटरवर एक माणूस आई अत्यवस्थ आहे म्हणून ऑर्डिनरी कॉल लावून बसला होता. त्याचं तिकीट माझ्यासमोर, टोकाला घडी पडलेलं. वर अर्जंटची तिकिटं येत राहिली, बाजारभावाची चौकशी करणाऱ्या व्यापाऱ्यांची. मी त्याचं तिकीट चार वेळा वर काढलं आणि चार वेळा खाली ठेवलं. कॉल लागला तेव्हा सहा वाजून गेले होते.

दोन मोठ्या कंपन्यांनी महागड्या प्लॅनवाल्यांना प्राधान्याचा वेग देऊ केला होता, तेव्हा जुलै २०२०मध्ये ट्रायनं त्यांना थांबवून विचारलं की मग बाकीच्यांचा वेग कमी होणार नाही कशावरून? प्रश्न अगदी नेमका होता. रेल्वेला डबा जादा जोडता येतो. टॉवरची क्षमता त्या क्षणी ठरलेली असते, एकाला पुढे काढलं की दुसरा मागे राहतोच. ५जीमध्ये एकाच जाळ्याचे वेगवेगळे पदर करून वेगवेगळ्यांना देता येतात. शस्त्रक्रियेसारख्या कामाला तसा पदर राखून ठेवला तर माझी हरकत नाही. पण त्यासाठी वाडीवरच्या शाळेचा वाटा कापला जात नाही ना, हे मोजून जाहीर करायला हवं.

टेलिकॉम कंपन्या म्हणतात, मोठ्या व्हिडिओ कंपन्या आमची जाळी वापरतात, त्यांनी खर्चाचा वाटा द्यावा. हे मला रास्त वाटतं. — पुण्याचा एक विद्यार्थी

बाळा, व्हिडिओ कंपनी तुझ्या फोनवर आपणहून काही ढकलत नाही. तू मागतोस म्हणून तो येतो, आणि ते मागण्याचे पैसे तू रिचार्ज करताना भरलेले असतात. तोच डेटा दुसऱ्या टोकाला पुन्हा विकायचा, असा हा बेत आहे. २०२३मध्ये ट्रायच्या चर्चापत्राच्या वेळी टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेनं ही मागणी पुन्हा लावून धरली. दक्षिण कोरियात डेटा पाठवणाऱ्याकडून असे पैसे घेण्याची पद्धत आहे. तिथे ‘ट्विच’ या थेट प्रक्षेपणाच्या सेवेनं जाळ्याचा खर्च परवडत नाही म्हणून आधी चित्राचा दर्जा उतरवला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्या देशातलं काम बंद केलं. ट्विचच्या पाठीशी ॲमेझॉन होती. अकोल्याच्या बाईंचे गणिताचे व्हिडिओ बनवणाऱ्याच्या पाठीशी कोण आहे, ते मला लिहून कळव.